डोमाजी सरांची चप्पल

खत वाटणाऱ्या सोसायटीसमोरच्या ओळीत त्या सकाळी माणूस एकही नव्हता. एक्केचाळीस चपला होत्या, सहा दगड, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक विळा. पौर्णिमानं दोनदा मोजून खात्री केली. मोजायची ही सवय तिला बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेनं लावली होती. माणसं पलीकडे करंजाच्या सावलीत बसली होती. युरियाची गाडी वारासिवनीहून निघाल्याचा फोन आला होता, आणि ती येईपर्यंत ज्याची त्याची जागा ज्याची त्याची चप्पल राखणार होती. चपलेच्या जागी दुसऱ्यानं उभं राहायचं नाही हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ते मोडलेलं तिनं लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

ती युरियासाठी आली नव्हती. तिला डोमाजी सर हवे होते.

उद्या सकाळी साडेदहाला वारासिवनीच्या एका खासगी शाळेत तिला सहावीच्या वर्गावर वीस मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय शाळेनंच दिला होता: इंग्रजीतली अपॉस्ट्रॉफी. आधी ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ होतं ती, मग मालकी दाखवणारी. पाठ पसंत पडला तर ती गावातूनच ये-जा करून शिकवणार होती. नाही पडला तर सोमवारी नागपूर गाठायचं, औषधांच्या कंपनीत गोळ्यांचे नमुने तपासायला. ती नोकरी वाईट नव्हती. पण तिला शिकवायचं होतं. बाबांना तिनं एवढंच सांगितलं होतं, एकदा करून पाहते.

तसा पाठ तिच्याजवळ तयार होता, गेली अकरा वर्षं. गाव मध्य प्रदेशातलं; तिथल्या हिंदी शाळेत सहावीला असताना डोमाजी सरांनी पाच पोरं ओळीनं उभी केली होती. प्रत्येकाच्या छातीशी कागद, कागदावर एकेक इंग्रजी अक्षर. ‘नॉट’मधला ‘ओ’ म्हणजे पौर्णिमा. सर म्हणाले, जा बाहेर, चप्पल तिथंच राहू दे. ती ओसरीवर गेली आणि खिडकीच्या गजांतून तिनं आत पाहिलं. ‘एन’ आणि ‘टी’च्या मधे तिची निळ्या पट्ट्यांची स्लीपर होती. ती तिथं नव्हती आणि तरी तिची जागा होती. ओसरीवरचं ते ऊन, भिंतीला चिकटलेलं वाळकं शेवाळ, आतल्या पोरांचं हसणं, सगळं तिला अजून दिसत होतं. त्यानंतर ती खूण तिच्या हातून कधी चुकीच्या जागी पडली नाही. फक्त पुढचं आठवत नव्हतं. मालकीची अपॉस्ट्रॉफी सरांनी कशी शिकवली होती?

सर खताच्या रिकाम्या पोत्यावर बसले होते. चष्म्याची काच आता जाड झाली होती.

“जयभीम, सर.”

“जयभीम. खेमराजची ना तू? बस. नागपूरले गेलती म्हणे.”

“सोमवारी जाईन. नाहीतर नाही जाणार.” तिनं सगळं सांगितलं. “म्हणून तुमच्याकडं आली, सर. तुम्ही चपला मांडून शिकवलं होतं ते. पुढचं मले आठवत नाही.”

“चपला मांडून?” सरांनी चष्मा काढला. “मी?”

शेजारी बसलेल्या अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. “मास्तर, तुम्ही पोरायले चपला मांडाले शिकवत होते, अन् आम्ही समजलो इंग्रजी शिकवून राह्यले.”

सावलीतली माणसं हसली. सरही हसले, पण त्यांना आठवत नव्हतं हे उघड होतं. पौर्णिमानं ओळ, कागद, खिडकी, सगळं पुन्हा सांगितलं. सर नुसते मान हलवत राहिले.

“मले आठवते,” मागून बाबूलाल म्हणाला. तो तिच्याच वर्गातला. आता घरची धानाची शेती करत होता. “मी डी होतो.”

“तू टी होता.”

“डी. पयल्या नंबरावर उभा होतो म्हणून तं आठवते. त्याच्याआधी नाई, त्याच्यानंतर नाई.” तो पुढं सरकून बसला. “पण सरायनं नाई ठरवलं ते. सर त्या दिवशी अर्धा तास उशिरा आले, अन् बिनचपलेचे. इथंच ओळ लागली होती. तूच विचारलं, सर, चप्पल काहून नाई? सर म्हणे, माही चप्पल सोसायटीत माह्या जागी उभी आहे. मंग तू म्हटलं, सर, हा वरचा कॉमा बी तसाच हाये का? कोणी गेला अन् चप्पल ठेवून गेला?”

सरांचे धुळीनं पांढरे झालेले पाय पौर्णिमाला आठवले. आपला प्रश्न मात्र कितीही शोधला तरी सापडेना.

“हौ,” सर सावकाश म्हणाले. “हौ, आता आलं ध्यानात. मी तो धडा तीन दिवस टाळून राह्यलो होतो. मी हिंदीचा मास्तर. इंग्रजीले माणूस नव्हता म्हणून वर्ग माह्या गळ्यात पडला. मलेच ते कळत नव्हतं, तुम्हाले काय सांगू? तू बोलली तं मी म्हटलं, कर मंग, उभी राहा तूच.”

“अन् मालकीचं?”

सरांनी चष्मा धोतराच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला. “तो भाग मी घेतलाच नाई, पोरी. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा काढला. कोणी विचारलं नाई, मी बी सांगितलं नाई.”

तेवढ्यात वळणावर ट्रकचा भोंगा वाजला. सावलीतली माणसं एकदम उठली आणि धावत नाहीत एवढंच, अशा घाईनं ओळीकडं गेली. प्रत्येकानं आपापल्या चपलेत पाय सरकवले. मिनिटभरात तिथं चपलांच्या जागी माणसांची ओळ उभी होती. सर सतराव्या जागी होते. तिथून त्यांनी हात हलवला. “जाय आता. तयारी कर.”

ती घरी परतली ते जरा रिकाम्यासारखं वाटत. अकरा वर्षं जे सरांचं म्हणून जपलं, त्यातलं सरांचं किती होतं? आणि ज्या अर्ध्या भागासाठी ती आली होती, तो तर कधी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सहावीचा वर्ग काळ्या बुटांत बसला होता. प्राचार्य प्रेमलाल सर शेवटच्या बाकावर फॉर्म घेऊन बसले होते. सोसायटीची ओळ किती जणांनी पाहिली आहे, असं तिनं विचारलं. अर्ध्याहून जास्त हात वर गेले. मग पाच मुलं उभी राहिली, आणि ‘ओ’ झालेला राजू एक बूट ओळीत ठेवून एका मोज्यावर उड्या मारत बाहेर गेला. वर्ग हसला. प्राचार्यांनी मान वर करून पाहिलं. दहा मिनिटांत ‘कान्ट’, ‘इझन्ट’, ‘आय अ‍ॅम’चं ‘आय्म’, सगळ्यांत बूट नेमक्या जागी पडू लागले.

मग तिनं फळ्यावर ‘राजूचा बूट’ इंग्रजीत लिहिलं. ‘एस’च्या आधी खूण दिली आणि म्हणाली, ही मालकीची.

तिसऱ्या बाकावरची आम्रपाली उभी राहिली. “मैडम, पर इसमें कौन गया? राजू तो पूरा है.”

मुलं फळ्याकडं पाहू लागली. राजूची अक्षरं खरंच पूर्ण होती. पौर्णिमाच्या हातातला खडू तसाच राहिला. नियम आहे, पाठ करा, असं म्हणता आलं असतं. पुढचं उदाहरण घेता आलं असतं. शेवटच्या बाकावर पेन थांबलं होतं. आज सोडलं तर हे पुन्हा कोणी विचारणार नाही, हेही तिला कळत होतं.

“मुझे नहीं पता,” ती म्हणाली. “कोई गया होगा. ढूँढकर बताती हूँ.”

घंटा झाल्यावर प्राचार्यांनी तिला समोर बसवलं.

“वर्गासमोर माहीत नाही म्हणालात.”

“हो सर.”

“आमच्याकडं शिक्षक असं म्हणत नाहीत. पोरं घरी जाऊन सांगतात, मग आईबाप येतात.”

“खरंच माहीत नव्हतं.”

त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, खोडलं. “ती आम्रपाली विसरणारी नाही. मला रोज गाठेल. तिला कधी सांगणार?”

“सोमवारी,” ती म्हणून गेली, आणि सोमवारी नागपूर गाठायचं होतं ते तिला मागाहून आठवलं.

प्राचार्यांनी फॉर्म तिच्याकडं फिरवला. “सही करा. सोमवारी प्रार्थना सव्वादहाला असते.”

बसस्टँडवरून तिनं बाबांना फोन लावला. मागं पंपाचा आवाज येत होता.

“झालं का?”

“हौ, झालं. नागपूरवाल्यायले नाई म्हणून कळवते. पण सोमवारपर्यंत एक शोधून काढा लागते.”

“काय हरवलं?”

“एक अक्षर असावं. कोणतं ते नाई माहीत.”

पंप बंद झाला.

“मंग घरी ये,” बाबा म्हणाले. “जेवून घे आधी.”