हिल स्टेशनचा निबंध

धनजच्या शाळेत नववीच्या सगळ्या पोरांनी 'हिल स्टेशनची सहल' हा इंग्रजी निबंध गाईडातून जसाच्या तसा उतरवला होता. रंजीता मॅडमनी विचारलं, "हिल स्टेशन पाहिलंय कोणी?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. "मग जिथं गेलात, तिथलं लिहा."

"मी वाशीमच्या कोर्टात गेली होती," धम्मदीपा हळूच बोलली. "मायनं साक्ष देली. तिचे पाय लटलट कापून राह्यले होते, पण आवाज नाई कापला."

"हेच इंग्रजीत लिही. चुकलं तर चुकू दे."

तिनं अडखळत लिहिलं आणि उभं राहून वाचलं. क्रियापदं चुकली, पण मॅडमनी टोकलं नाही. ती बसते न बसते तोच मागच्या बाकावरून रवी ओरडला, "मंग पुढं काय झालं वं?"

निबंध ऐकून असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. धम्मदीपानं हसत पुन्हा पेन उघडला.