आम्ही नाही, आपण

मी फटकळ आहे, हे अकोल्याच्या महारवाड्यात कुणालाही विचारा. त्या वर्षी तर जास्तच होते. अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सरकी काढायला बायका मिळेनात. चार ठिकाणांहून बोलावणं येऊ लागलं की माणसाची मान आपोआप ताठ होते. माझीही झाली.

त्या ताठ मानेनंच मी ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीला जाऊन बसले. शिकवायला वामनराव होते. मूळचे पुण्याचे ब्राह्मण, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले. अमरावतीच्या पाद्री साहेबानं त्यांना आमच्याकडं धाडलं होतं. देव, सृष्टी, मनुष्य, पाप, ख्रिस्त, तारण, मंडळी, शेवटचा न्याय, असा त्यांचा क्रम. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचं घडवलं, हे ऐकलं त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्याच्या मधून चालले.

मैनाबाई बाटली म्हणून वस्तीनं मला वाळीत टाकलं. सख्खा भाऊ दारात उभं करीना. आता बाप्तिस्मा झाला नाही, तर मी ना इकडची राहणार होते ना तिकडची. वामनरावांना हे चांगलं ठाऊक होतं.

गाडं अडलं ते पापाच्या पायरीवर. "पापी कोण?" असं वामनरावांनी विचारायचं आणि आम्ही बायकांनी "आम्ही पापी" असं म्हणायचं, हे ठरलेलं. मी म्हटलं, "आपण पापी."

"आम्ही," त्यांनी सुधारलं.

"आपण."

"मैनाबाई, अर्थ एकच आहे."

"एक कसा? आमी जेवाले चाललो म्हटलं तं तुमी घरीच राहिले. आपण जेवाले जाऊ म्हटलं तं तुमीबी उठले. मंग पापातून तुमीच कावून सुटले?"

वामनराव चिडले नाहीत. हुशार माणूस. म्हणाले, "ही कबुली देवासमोर द्यायची आहे. देवाला उद्देशून 'आपण पापी' म्हटलं, तर देवही पापी ठरेल. कळलं?"

उत्तर बिनतोड होतं. तरी मी म्हटलं, "पण सवाल देव नाई विचारून राहिला. तुमी विचारून राहिले."

त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी साहेब अमरावतीहून आला. साहेबाचं मराठी पुण्याच्या शास्त्र्यांनी घडवलेलं. समोरच्याला मान द्यायचा, तर 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हणायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला काय ठाऊक! माझ्या आधी गोदाबाईला विचारलं. ती बिचारी "आम्ही पापी" म्हणाली आणि तिच्या डोक्यावर पाणी पडलं. मग मी पुढं झाले.

"पापी कोण?" साहेबानं विचारलं.

"आपण."

साहेबाचे कान लालबुंद झाले. "मी?"

वामनराव लगबगीनं मधे पडले. "अडाणी बोली आहे, साहेब. तिला 'आम्ही' म्हणायचं आहे."

ते मला वाचवत होते की स्वतःला, देव जाणे. मी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पाणी हातभरावर होतं आणि बाहेर माझं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच मला संताप आला.

"नाई साहेब," मी म्हटलं. "मले जे म्हणायचं होतं तेच म्हटलं."

"म्हणजे मीच पापी?"

"तुमीबी."

मागं बायकांनी तोंडावर पदर घेतले. साहेबानं पुस्तक मिटलं. झालं, संपलं, असं मला वाटलं. पण तो वामनरावांकडं वळला.

"इथं 'आपण' म्हणजे काय?"

"'आम्ही'सारखंच, साहेब. फक्त..."

"फक्त काय?"

"समोरच्यालाही धरून."

"मग ही कोणाकोणाला धरते?"

"स्वतःला," वामनराव म्हणाले. "साहेबांना."

"आणि?"

वामनराव खाली जमिनीकडं बघत राहिले. "आणि मला," ते शेवटी म्हणाले. आमच्या रांगेत स्वतःला त्यांनी पहिल्यांदाच बसवलं होतं.

माझं चूक की बरोबर, ते साहेबानं सांगितलं नाही. वामनरावांना त्यानं पाण्याचं भांडं जवळ आणायला खुणावलं. ते आले, इतके जवळ की त्यांची बाही माझ्या पदराला लागली. ते मागं सरले नाहीत.

"पापी कोण?" साहेबानं पुन्हा विचारलं.

मी तोंड उघडलंच नाही. नुसती वामनरावांकडं बघत राहिले. बायकाही त्यांच्याकडंच बघू लागल्या.

"आपण," वामनराव म्हणाले.

"आता घाला पाणी," मी म्हटलं.