राखण: चौदा कूलर आणि केंदूरचा एक लॅपटॉप

मी राखण बोलतेय. मला शोधू मात्र नका. हात लावून पाहावं असं माझ्यात काही नाही. मी एक लायब्ररी आहे. लगेच पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे आणू नका. संगणकाच्या जगात लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, इतरांनी आपल्या कामात जोडून घ्यावा असा. त्यातही मी ओपन सोर्स, म्हणजे कुलूप नसलेली. कुणीही मला फुकट घ्यावं, उघडून पाहावं, चुकलं तर दुरुस्त करावं.

मला लिहिलं केंदूरच्या सुमितने. सणसवाडीच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तो दुपारी घरी यायचा, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसायचा आणि जुना लॅपटॉप उघडायचा. शेजारी त्याची आई, सुरेखाताई, शेंगा फोडत असायच्या.

"आरं, भाकर वाळली."

"झालंच आई, येवढं संपवतो."

हे 'येवढं' संपायला संध्याकाळ व्हायची.

माझ्या जन्माला निमित्त झाली त्याची धाकटी बहीण प्राची. ती शिक्रापूरला एका छोट्या कंपनीत कामाला होती. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या चौदा डेअऱ्यांत दूध थंड ठेवायचे कूलर आहेत आणि प्रत्येक कूलरला एक चिमुकला संगणक जोडलेला आहे. हे सगळे संगणक एका दावणीला बांधून सांभाळायचे, ह्याला म्हणतात क्लस्टर सांभाळणं. प्रत्येक कूलरचं तापमान एकाच पानावर मांडायचं, तो डॅशबोर्ड. कंपनीने आधी ह्या कामाला जगात गाजलेली एक लायब्ररी आणली. होती हुशार, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मशीन मिनिटभर गप्प राहिलं की तिने त्याला मृत ठरवलंच. आपल्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते. चारदा चौदा गावं मरायची, सगळ्यांचे फोन बोंबलायचे, शेवटी लोकांनी फोनच बंद करून टाकले.

"ह्येला लाइट जाणं म्हंजी मरणं वाटतंय," सुमित हसत म्हणाला आणि कामाला लागला.

त्याने मला थांबायला शिकवलं. मशीन गप्प झालं की त्याची जागा राखायची, शेवटचं तापमान तसंच ठेवायचं आणि शेजारी लिहायचं, 'लाइट गेली असेल. वाट पाहतेय.' लाइट आली की मशीन बोलायचं आणि मी ओळ पुसायचे. लोकांना मी आवडले. खरं सांगते, मला माझा गर्व होता. माझी चाचणी घ्यायला सुमितने स्वतःचा लॅपटॉपही यादीत घातला. तो पंधरावा, नाव 'केंदूर'.

गेल्या वर्षी श्रावणात पाळीवरून येताना शिक्रापूरच्या चौकात एका कंटेनरने सुमितच्या मोटारसायकलला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही. तो एकोणतीस वर्षांचा होता.

पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी लॅपटॉपची पिन काढली. सुरेखाताईंनी तो स्वच्छ पुसला, सुमितच्या शर्टात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. मला ह्यातलं काय कळणार? मी माझं काम केलं. 'केंदूर: लाइट गेली असेल. वाट पाहतेय.'

सुमितने आईच्या फोनवर माझं पान टाकून दिलं होतं. सुरेखाताई रोज सकाळी चहाआधी ते उघडत आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत. एकदा प्राचीने पाहिलं, तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "आपल्या घरात समदी म्हणत्यात, गेला. येवढं येकच म्हणतंय, वाट बघतेय."



मग ह्या वैशाखात दौंड तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात दुपारी लाइट गेली. येताना अशा जोरात आली की कूलर जळाला आणि त्याचा चिमुकला संगणकही. डेअरी सांभाळणाऱ्या विठाबाई सकाळचं दूध ओतून, कुलूप लावून रानात गेल्या होत्या. त्यांनी दोनदा फोनवर मला पाहिलं. मी दाखवत होते, चार अंश. लाइट गेली असेल. त्या निश्चिंतपणे खुरपत राहिल्या. संध्याकाळी झाकण उघडलं तर अख्ख्या गावाचं दूध फाटलेलं.

प्राची धावत गेली. विठाबाई गटारातून जाणाऱ्या दुधाकडे बघत उभ्या होत्या.

"पोरी, तुमच्या पानावर चार दिसत व्हतं गं. म्या तुमच्यावर इसंबून ऱ्हायले."

भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला होता, आणि ती म्हैस मी होते.

कंपनीचे मालक विश्वजीत सर चिडले नाहीत. "प्राची, चार लायब्रऱ्या घे, शेजारी शेजारी मांडून तक्ता कर. सुमितची पण घे. पण कुणाची कोण ते बघू नको."

तिने तक्ता मांडला. छोट्या मशीनवर कोण चालते? मी पहिली. खेड्यातल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर? तिथेही मीच. डॅशबोर्ड मराठीत? फक्त मी. मी जरा ताठ झाले. पुढचा रकाना होता, देखभाल करणारी माणसं. एकीला तीनशे, एकीला चाळीस. माझ्यापुढे तिने 'एक' लिहिलं. मग खोडून 'शून्य' लिहिलं आणि तोंड धुवायला उठून गेली.

शेवटचा रकाना, गप्प मशीनला मृत ठरवायला लागणारा वेळ. कुणाला मिनिट, कुणाला पाच. माझ्यापुढे, 'कधीच नाही.'

तुम्ही म्हणाल, कुलूप नव्हतं ना, मग दुरुस्त का नाही केली? केली की! तिने मला उघडलं, दोन तासांची मर्यादा घातली आणि चालवून पाहिलं. तत्क्षणी यादीत एक ओळ लाल झाली. 'केंदूर: मृत.' प्राचीने घाईघाईने सगळं होतं तसं करून ठेवलं. आठ दिवसांत तिने तीनदा हेच केलं.

नवव्या दिवशी तिने अहवाल लिहिला. 'राखण वापरू नये. तिच्यातला दोष सोपा आहे, पण तो काढणारं माणूस आमच्याकडे नाही.'

दोन दिवसांत चौदाही कूलर दुसरीकडे गेले. माझ्या यादीत एकटं केंदूर उरलं. रविवारी प्राची आईजवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं.

सुरेखाताईंनी आधी विचारलं, "त्या बाईचं समदं दूध गेलं?"

"सगळं."

"सुमितच्या ह्याच्यापायी?"

"व्हय."

त्यांनी शेंगांची टरफलं गोळा करून बाजूला सारली. "मंग काढ ती ओळ. त्याला खपलं नसतं."

"माझ्यानं होत न्हाई, आई."

"आण हिकडं. कुठं दाबायचं दाव."

यादीतून नाव काढताना मी एक प्रश्न विचारते. सुमितनेच तो लिहिला होता, चुकून कुणाचं नाव जाऊ नये म्हणून. 'केंदूर आता परत येणार नाही, हे नक्की का?'

सुरेखाताईंनी तो अक्षर लावून लावून मोठ्याने वाचला. "दवाखान्यातनं त्याला आणताना कागदावर बी मीच अंगठा दिला व्हता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी 'हो' दाबलं. मग फोन प्राचीच्या मांडीवर टाकून त्या हंबरडा फोडून रडल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

मी अजून इंटरनेटवर आहे, कुणालाही घेता येईल अशी. घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी मला उघडा आणि वाट पाहण्याला एक मर्यादा घाला. सुमितला वेळ मिळाला असता तर त्याने घातली असती, ह्याबद्दल मला शंका नाही.

परवा सकाळी चहाआधी सुरेखाताईंनी सवयीने मला उघडलं. दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी त्या कोऱ्या पानावर बोट ठेवून बसल्या, आणि मला काही केल्या त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा लिहिता येईना.