हौदातली गोणी

आमच्या घरात माझ्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही. पाच दीर-जावांचा संसार मी एका आवाजावर चालवला. पण शहाण्णव साली सिद्धगडाच्या वाटेवर वनखात्याच्या नर्सरीत मुकादम झाले, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. कारण ती मुकादमकी माझी नव्हती.

झालं असं. सागाचं बी दगडासारखं टणक. साहेबांनी सांगितलं होतं, गोणी आठ दिवस हौदात भिजत ठेवायची, मग वाफ्यात पेरायचं. माझ्या वाटणीची गोणी चौथ्या दिवशी आंबूस वास मारायला लागली. बी सडलं तर माझं नाव खराब, म्हणून मी ते खडकावर उन्हात पसरलं. तेवढ्यात मुरबाडच्या बाजूने साहेबांची मोटारसायकल वाजली. धावत परत भरून हौदात टाकलं. साहेब गेले की पुन्हा उन्हात, आले की पाण्यात. असं तीन-चारदा झालं. भीतीने केलं, अकलेने नाही.

आणि त्या पाणी-उन्हाने माझाच वाफा दाट उगवला. बाकीच्यांचे विरळ. साहेब म्हणाले, "जनाबाई, तुमच्या हाताला गुण आहे." दुसऱ्या महिन्यात हजेरीचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी दुसरी शिकलेली. नावं वाचता येतात, बस.

त्या दिवसापासून बायांसमोर उभी राहिले की एकच धास्ती. आता कोणी विचारेल, तू कसली मुकादम? म्हणून मी कोणाला विचारूच दिलं नाही. एखादी तोंड उघडायच्या आत तिला चार शब्द सुनावायचे. बायांना वाटायचं, बाई फार करडी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात हौदावर बारकी नावाची बाई होती. आदिवासी वाडीवरची, दोन डोंगर चढून यायची, बोलायची कमी. गोण्या पाण्यात सोडताना ती हळूच म्हणाली, "काकी, गेल्या साली तुमी बी उन्हात घातलंवतं ना? मी बघलंय. तसंच करू का?"

माझे कान तापले. हिने बघितलं तर! उद्या साहेबांना सांगेल, बाईने तुमचं ऐकलंच नव्हतं.

"तुला काय कळतंय गो?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "साहेब सांगतील तसं करायचं. आठ दिवस हलवायचं नाय!"

तिने मान खाली घातली आणि तसंच केलं.

महिना झाला तरी वाफे उघडेच. कुठे एखादा कोंब, बाकी माती. साहेब वाफ्यांतून फिरले आणि माझ्यापुढे थांबले. "असं कसं झालं?"

मला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून आलं, "हौदावर बारकी व्हती साहेब. तिने नीट बघलं नाय."

बारकी चार हातांवर उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी वाफ्याकडे. वाडीवरची आहे, बोलणार नाही, हे मनात धरूनच मी बोलले होते. तेच आजही खुपतं. साहेब तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." तिने डोक्याची चुंबळ उचलली आणि चालू लागली.

आठ दिवस मी हजेरी घेतली. तिच्या नावापाशी आलं की जीभ अडायची. नवव्या दिवशी साहेब आले तेव्हा सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं. गेल्या सालची गोणी, ऊन, भीती, बारकीने विचारलं ते, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा खोटं बोलले असते.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मुकादमकी जाईल म्हणून. आता घ्या काढून. पण तिला बोलवा."

बायांतली चंद्रकला मागून म्हणाली, "हिला काढू नका साहेब. हिच्या तोंडाला भिऊन तरी आमी टायमावर येतो." बाया हसल्या. साहेबही हसले, म्हणाले, "बोलवा तिला. पुस्तक तुमच्याकडेच राहू दे." मला हसू आलं नाही.

दुपारी मीच वाडीवर गेले. बारकी अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. शेजारी तिची सासू, पलीकडे दोन-तीन बाया.

"साहेबाला सांगितलं," मी म्हटलं. "उद्यापासून ये."

"साहेबाला सांगितलं." तिने दगड खाली ठेवला. "इथं कोण सांगणार? आठ दिवस सासू म्हणतेय, आळशी हाय म्हणून काढली."

आयुष्यात मी कोणाच्या दारात मान खाली घातली नव्हती. नात्यातल्या लग्नातून मानपानावरून रुसून परत आलेली बाई मी. पण त्या अंगणात उभी राहून सांगितलं, "म्हातारे, तुझ्या सुनेची चूक नाय. तिला खरं ठाऊक व्हतं, मीच तिला गप्प केलं. खोटं मी बोलले."

म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं. "एवढी मोठी बाई तू," ती म्हणाली, आणि बारकीने ठेवलेला दगड उचलून बिया फोडायला लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बारकीने पाणीही विचारलं नाही. मीही थांबले नाही.

सकाळी ती आली. बियांची दुसरी खेप हौदाशी पडली होती. चंद्रकलेने नेहमीसारखं मला विचारलं, "किती दिवस भिजवायचं गो?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. धास्ती तीच होती. पण या वेळी मी ओरडले नाही.

"मला नक्की ठाऊक नाय," मी म्हटलं. "बारकी, तू सांग. तू सांगशील तसं आमी करू, आणि नाय उगवलं तर साहेबासमोर मी उभी राहीन."

बारकीने माझ्याकडे न बघताच गोणीचं एक टोक धरलं. "दोन दिस पाणी, दोन दिस ऊन," ती म्हणाली. "उचला."

मी दुसरं टोक उचललं.