चष्मेवाल्याचा हरवलेला चष्मा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, रिळाचा कॅमेरा आहे आणि खोटं सांगेन तर माझी काच तडको. कारखान्यात माझं भिंग इतकं लखलखीत घासलं गेलं, की घासणाऱ्या कारागिराला त्यात स्वतःचं म्हातारपण दिसलं. तो हातातलं काम टाकून तडक घरी गेला म्हणतात.

पुढे मी आत्याच्या गळ्यात पडलो. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणे. फुलं, डोंगर, सूर्यास्त यांचं तिला काही कौतुक नव्हतं. 'हॉर्न वाजवू नका' या पाटीखाली हॉर्न दाबून बसलेला ड्रायव्हर दिसला, की ती मला हळूच डोळ्याला लावायची. केशतेलाच्या जाहिरातीखाली टकलावर हात फिरवणारा न्हावी मी एकाच चौकटीत पकडला होता. लोक हसायचे, माझी वाहवा व्हायची.

एकदा चष्मेवाला आपल्या दुकानाच्या पाटीखाली वाकून चष्मा शोधत होता. पाटीवर दाराएवढा चष्मा रंगवलेला आणि खरा चष्मा याच्या कपाळावर. आत्याने बटण दाबलं. फोटो प्रदर्शनात लागला, गावभर हशा पिकला. चष्मेवाल्याची गिऱ्हाइकं मात्र पांगली.

तो आत्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत्या, ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याच्याकडे डोळे तपासायला कोण येणार?"

"अरे, तो फोटो प्रेमानेच काढला होता रे."

"मग तुमचाही काढू द्या. तेवढ्याच प्रेमाने."

"माझं थोबाड कोण बघणार?"

"माझं बघितलं ना सगळ्यांनी?"

आत्याने मला गळ्यातून काढून त्याच्या हातात दिलं. इतकी वर्षं मी तिच्या गालाला गाल लावून होतो, पण तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. उजवी बाजू टवटवीत. डावीकडे, माझ्यातून बघताना डोळा मिटून मिटून, सुरकुत्यांचं जाळं. आणि फोटो निघताना सवयीने तिने तो डोळा मिटलाच.

चष्मेवाल्याने दोन्ही फोटो दुकानाच्या काचेत शेजारी शेजारी लावले. लोक थांबले, खुदखुदले. सगळ्यांच्या देखत आत्याच आधी आत शिरली.

"हा डोळा तपास रे बाबा. उघडायचंच विसरलाय."

मागोमाग बाकीचेही शिरले.

आता मोबाइलच्या जमान्यात मी कपाटावर धूळ खात पडलोय. मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, ओल लागू देऊ नका. आणि दुसऱ्यावर रोखण्याआधी एकदा स्वतः माझ्यासमोर उभे राहा. स्वतःचं हसू आलं, की मग खुशाल मला घेऊन गल्लीत निघा.