कच्च्या काचेचा आळ

मंदाचा हात हातात घेतला की उसाच्या वाळल्या पाचटासारखा कोरडा, हलका लागायचा. चौदा वर्षांची पोर. पण तिच्या बांगड्या वाजत नसत. शेळगावात बाकीच्या मुलींची आधी किणकिण यायची, मागून मुली. मंदा मात्र उन्हं उतरताना बांधावरून सरकणाऱ्या सावलीसारखी यायची आणि बाही मनगटापर्यंत ओढून बसायची.

मी बांगड्या भरणारी. बारामतीच्या बाजारात घासाघीस करून माल उचलायचा, टोपली डोक्यावर घेऊन गावं पालथी घालायची. धंदा माझा मीच उभा केला. हाताची हाडं दाबून बांगडी चढवताना माणूस जितकं कळतं, तितकं ते आरशालाही कळत नसेल. आणि भरताना फुटली तर नुकसान कासारणीचं, हा आमचा रिवाज.

नव्वदनंतर गावात एसटीडीचा पिवळा फलक लागला, त्याच वर्षी माझ्यावर आळ आला. मंदाच्या हातावरचे व्रण शाळेत दिसले. तिची आई चारचौघींत म्हणाली, "ह्या कासारकाकीची काचच कच्ची. पोरीचा हात सोलून निघाला." सगळ्या आळीनं माझ्याकडून बांगड्या भरणं सोडलं. माझं डोकं भडकलं. काच पिचल्यावर ओरखडा कसा उठतो, ते मला शिकवता? हे व्रण काचेचे नव्हते.

जाब विचारायला शाळेत गेले, तर पुण्याहून दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरबाई मंदाला छापील कागदावरून विचारत होत्या, "स्वतःला जाणूनबुजून इजा करतेस का?"

"न्हाय."

बाईंनी पुटपुटत तिचं लहानपणीचं गोंदण इजा म्हणून लिहिलं, आणि व्रणांपुढं लिहिलं: बांगड्या.

"अवो बाई," मी दारातूनच ओरडले, "गोंदण हौसंचं हाय! आन् असं कागदातनं इचारल्यावर कोण व्हय म्हनंल? आधी हात तर धरा तिचा!"

वाटलं, हाकलतील. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "तुम्हीच विचारा."

मी तिचा हात मांडीवर घेतला. "मंदे, जीव कशानं घुसमटतो गं?"

खिडकीतलं ऊन तिच्या बोटांवर येऊन थांबलं. "आत लई कालवा आस्तो, काकी. भायेर कुनाला ऐकूच जात न्हाय."

मग ती रडली, व्रण आपणच केल्याचं बोलली, आणि बाईंनी कागदावरचा प्रश्न खोडून तिथं माझा लिहिला.

दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी. "काकी, गावात बांगड्यांमुळंच झालं म्हनून ऱ्हाऊ द्या. पोरीला नावं ठिवत्याल."

"ऱ्हाऊ दे. पन दर बेस्तरवारी तिला बाईंकडं न्ह्यायची. एक फेरी चुकली, तर खरं सांगून माझी काच मी भर चावडीत धुऊन घेईन."

मी तोंड उघडलं नसतं. पण सौद्यात ते समोरच्याला कळू द्यायचं नसतं. फेरी चुकली नाही. दिवाळीच्या तोंडावर मंदानं आपणहून हात पुढं केला. "लाल भरा, काकी. वाजत्याल अशा."

आज ती भवानीनगरला नांदते. आळीतल्या बायका अजून म्हणतात, हिची काच कच्ची. म्हणू देत. अजूनही डोकं भडकतं; पण टोपली घेऊन मी त्याच आळीतून जाते, मान वर करून. काळ व्रण पुसतो, आळ पुसत नाही. आणि दूर गेलेल्या त्या हाताची किणकिण माझ्या कानात आहे, तोवर तो आळ मला पुसायचाही नाही.