चोरीला गेलेली खूण

"माझी खूण कोणीतरी चोरतंय," मावशींनी पुस्तक काउंटरवर आपटलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे तिसरं पुस्तक. आता मी गप्प बसणार नाही."

ग्रंथपालबाईंनी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या ओळीखाली कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब होतं आणि टिंबाला लांब शेपटी.

"ही तर तुमचीच की, मावशी."

"माझ्यासारखी आहे, माझी नाही. हे पुस्तक मी जन्मात पाहिलेलं नाही. घरी नेलं, वाचलं, खूण करायला शेवटचं पान काढलं, तर हा दिवटा आधीच तिथे हजर!"

वर्गणी भरून पुस्तकं नेण्याच्या या वाचनालयात जुन्या सभासदांची ही रीतच होती. प्रेमकथा म्हटल्या की मुखपृष्ठावर वाऱ्याला केस सोडून उभी तीच ती नायिका, नावंही एकाच माळेतली. वाचलेलं पुस्तक पुन्हा गळ्यात पडू नये म्हणून ज्याने त्याने शेवटच्या पानावर आपली खूण करायची. कोणाचा त्रिकोण, कोणाचा मासा. मावशींचं टिंब आणि शेपटी म्हणजे टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डात खोचायची पिन आणि तिची वायर. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ट्रंक कॉल जोडून देण्यात घालवली होती.

ग्रंथपालबाई खुणेकडे बघत राहिल्या. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "बघते हं मी. लक्ष ठेवते."

"ठेवाच. चोराची निवड मात्र चांगली आहे, एवढं मानावं लागेल."

रांगेत मागे समोरच्या गल्लीतला टेलर उभा होता. झुपकेदार मिशा, गळ्यात टेप आणि हातात प्रेमकथा. बायकोसाठी नेत असेल अशी लोकांची समजूत होती, पण बायको फक्त खुनाच्या गोष्टी वाचायची. प्रेमाचं खातं टेलरकडे होतं, आणि मावशींना विचारल्याशिवाय तो एकही पुस्तक घरी नेत नसे.

"मावशी, ही कशी आहे? शेवटी रडायला आहे का?"

मावशींनी पुस्तक उलटसुलट केलं. "ही होय! नायक हिला म्हणतो, तुझ्या डोळ्यांत मला समुद्र दिसतो. अहो, माझं अर्धं आयुष्य लोकांचं प्रेम ऐकण्यात गेलं. ऐकायचं नाही असा नियम होता, पण लाइन नीट लागली की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार कसं? तीन मिनिटांचे पैसे भरून माणूस समुद्राबद्दल बोलत नाही. 'जेवलीस का? औषध घेतलंस का? आवाज का बसलाय तुझा?' हे प्रेम. हा नायक अख्ख्या पुस्तकात एकदाही विचारत नाही, ती जेवली का म्हणून."

"म्हणजे नको?"

"न्या. रडायला भरपूर आहे. पण नायकासाठी रडू नका, तिच्या बापासाठी रडा."

टेलरने मान डोलावली आणि पुस्तक पुढे सरकवलं. मागच्या दोघांनीही तेच पुस्तक सांगून ठेवलं. मावशींनी नाक मुरडलेलं पुस्तकसुद्धा इथे चार महिने कपाटात टेकत नसे. घरी त्यांना कोणी फारसं काही विचारत नसे. मुलगा कामात, सून कामात. मत मागितलं जायचं ते या काउंटरवर, आणि त्यासाठी मावशी गुडघे दुखत असतानाही दोन चौक चालत यायच्या.

या वेळी त्यांनी ड्रॅगनची कादंबरी नेली, नेताना शेवटचं पान बघायचं मात्र राहून गेलं. जादूच्या गोष्टींचंही त्यांना वावडं नव्हतं. गोष्ट खोटी असली तरी चालेल, माणसं खोटी नकोत, असा त्यांचा खाक्या. पुस्तक संपलं तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. शेवटचं पान उलटलं आणि पुन्हा तेच. टिंब आणि शेपटी.

"बघ, बघ! इथेही आलाय मेला," त्यांनी पुस्तक सुनेपुढे धरलं.

सून ओट्याशी होती. गॅसचं मुख्य बटण हल्ली ती स्वतः बंद करायची, दर वेळी, जाता जाता. मावशींना वाटायचं, हिला कामाची हौसच फार. सुनेने खूण पाहिली आणि टॉवेलला हात पुसत राहिली.

"असेल कोणीतरी, आई."

तिचा आवाज मावशींच्या कानाला खटकला. हा आवाज त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. दूरच्या गावाहून कोणी "सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस" म्हणायचं, तेव्हा तो आवाज एक पायरी खाली उतरायचा. मायेपोटी बोललेलं खोटं. मावशींनी सुनेकडे रोखून पाहिलं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहून गेला.

वाचनालयात जाताना त्यांनी वाटेतच पुस्तकावरचं मत तयार केलं. वाक्य असं काही जमलं की फुटपाथवर त्या एकट्याच हसल्या.

"ड्रॅगन मला पटतो," काउंटरला टेकून त्या म्हणाल्या. "राजपुत्र पटत नाही. सात वर्षं घराबाहेर..."

"...आणि आईला एक निरोप नाही!" टेलरने मागून पुढचं उचललं. "त्यापेक्षा ड्रॅगन बरा, तो निदान रोज संध्याकाळी गुहेत परत येतो! मावशी, तुमचं हे वाक्य मी माप घेता घेता गिऱ्हाइकांना ऐकवतो."

मावशींचं तोंड उघडंच राहिलं. वाक्य तर आत्ता, दुसऱ्या चौकात सुचलं होतं.

"तुम्ही वाचलंय हे?"

"मी कुठला! मी प्रेमातला माणूस. तुम्हीच नाही का सांगितलंत, मागच्या थंडीत? आणि मग परत..." ग्रंथपालबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टेलर गळ्यातल्या टेपची टोकं धरून उभा राहिला.

मावशींनी काउंटरवरची पेन्सिल घेतली. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून तिथल्या टिंबाशेजारी एक टिंब काढलं, त्याला शेपटी काढली. शेपटी शेवटी डावीकडे वळली. शेजारचीही डावीकडेच वळली होती. इतकी वर्षं नुसत्या 'हॅलो'वरून त्यांनी माणसं ओळखली होती आणि स्वतःचा हात ओळखला नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती.

"चोर सापडला, बाई," त्या म्हणाल्या आणि दुसरं पुस्तक न घेताच निघाल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं, "मी विसरते का गं?"

सून भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली. "हो, आई."

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं असेल. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्हाला डोळे तपासायला म्हणून नेणार होतो."

"डोळे! अगं, खोटं बोलायचं तर निदान माणसाला पटेल असं बोलावं." मावशी हसायला गेल्या आणि तिथेच खुर्चीत बसल्या. "मला भीती वाटते गं. तुम्ही सगळे आहात, तुम्ही सांभाळाल, ते ठाऊक आहे मला. पण उद्या मी कुठल्या नायकाला दगड म्हणाले, तर लोक म्हणतील, सोडा हो, विसरली बिचारी. माझ्या मताला कोण विचारणार मग?"

सून उठून त्यांच्या शेजारी बसली. मग तिने विचारलं, "आई, सकाळपासून काही खाल्लंत का?"

मावशींना हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात आल्या, ते खोडरबर घेऊनच.

"आवडलेल्या पुस्तकांवरची माझी खूण खोडायची," त्यांनी जाहीर केलं. "नावडलेल्यांवरची ठेवायची. एकदा डोकं उठलं तेवढं पुरे."

बेत फक्कड होता. पण आवडलेलं कोणतं आणि नावडलेलं कोणतं, हे त्यांना कुठे आठवत होतं?

"मला आठवतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मलाही," टेलर म्हणाला. दुकान बायकोवर सोडून तो स्टूल ओढून बसला.

कपाटातून पुस्तकं निघायला लागली. "ह्याच्या नायकाला तुम्ही ओला टॉवेल म्हणाला होतात," टेलर म्हणाला.

"ठेवा खूण."

"ह्यातली जादूगारीण तुम्हाला तुमच्या सुपरवायझरबाईंसारखी वाटली होती. दोनदा वाचलंत."

"खोडा."

"ह्याचा शेवट म्हणजे लेखकाला जेवायला बोलावलं म्हणून घाईत उरकला, असं म्हणाला होतात."

"बाई फटकळच होती की!" मावशी मनापासून हसल्या. स्वतःची मतं त्या दुसऱ्या कोणाची असावीत तशी ऐकत होत्या, आणि बहुतेक त्यांना पटत होती. "तुम्हा लोकांना चांगलं पुस्तक एकदाच पहिल्यांदा वाचता येतं. माझी चंगळ आहे." हे बोलताना त्यांच्या हातातलं रबर निसटून खाली पडलं. टेलरने ते उचलून दिलं आणि वर पाहिलं नाही.

ड्रॅगनच्या पुस्तकावरच्या दोन्ही खुणा त्यांनी स्वतः खोडल्या आणि पानावरचा चुरा फुंकून टाकला.

डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या. दिवस कधी बरे जात, कधी नाही. मावशींना वाचनालयात सोडायला आता सून यायची आणि बाहेरच्या बाकावर थांबायची. मधल्या काळात ग्रंथपालबाईंनी ते ड्रॅगनचं पुस्तक त्यांना पुन्हा दिलं. पुढच्या खेपेला मावशी काउंटरशी आल्या, चेहरा खुललेला.

"ड्रॅगन मला पटतो," त्या म्हणाल्या. "राजपुत्र पटत नाही."

ग्रंथपालबाईंचा शिक्का हातातच राहिला. पुढे सरकला तो टेलर.

"असं का म्हणता, मावशी?"

आवाज एक पायरी खाली उतरला होता. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग ग्रंथपालबाईंकडे पाहिलं, मग रांगेकडे. आपण हे कधी बोललो होतो ते त्यांना आठवत नव्हतं. पण हा आवाज विसरणं त्यांना शक्य नव्हतं.

"पुढचं मी सांगू," त्यांनी विचारलं, "की तुम्ही सांगता?"

टेलरने हातातलं पुस्तक काउंटरवर ठेवलं. "तुम्हीच सांगा, मावशी. तुमच्या तोंडून बरं वाटतं."

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला, काउंटरला टेकल्या, आणि सांगायला लागल्या.